ट्रॉफीवरचं नाव

गुपित ठेवायचं तर माणसाचं घर मोठं लागतं. लालबागच्या करसनदास चाळीत दीडशे चौरस फुटांच्या खोलीत चार माणसं, एक फ्रिज, एक शिलाई मशीन आणि एक देव्हारा एवढं मावतं. गुपित मावत नाही. हे गंगाधर नेरुरकरला जन्मापासून माहीत होतं. तरीही गेल्या फेब्रुवारीत त्याने एक गुपित घरात आणलं, आणि तेही आठ पानांवर सह्या करून.

गंगाधरचा चाळीच्या तळमजल्यावर कप, शिल्ड आणि ट्रॉफ्यांचा कारखाना आहे. ‘कारखाना’ हा शब्द वडिलांनी ठेवलेला, म्हणून तो चालवायचा. आत दोन माणसं एकाच वेळी वळली तर एकाला रस्त्यावर जावं लागतं. पण वडिलांच्या वेळी गिरण्या चालू होत्या, आणि गिरणगावात तेव्हा कोण काय जिंकत नव्हतं! कबड्डी, कॅरम, भजन, शरीरसौष्ठव, नाटक. प्रत्येक गिरणीच्या स्पर्धा, प्रत्येक स्पर्धेचे कप, आणि प्रत्येक कपावर नेरुरकरांच्या हातचं नाव. दिवाळीनंतर पितळ घासायला काढलं की ब्रासोचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचा, आणि वरच्या बायका ‘स्पर्धा आल्या वाटतं’ म्हणायच्या. आता गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत. तिथली माणसंही अधूनमधून काहीबाही जिंकतात म्हणे, पण त्यांना प्लास्टिकचं मिळतं, मशीनवर छापलेलं. त्याला वासच नाही. ज्या बक्षिसाला वास नाही ते जिंकलं काय आणि हरलं काय, असं गंगाधरचं मत होतं. ते त्याला कोणी विचारलं नव्हतं.

एक काम मात्र टिकून होतं. मराठी चित्रपट आणि मालिकांसाठी दर वर्षी होणाऱ्या ‘रंगपटल पुरस्कारां’च्या पितळी ट्रॉफ्या अकरा वर्षं त्याच्याकडूनच जात. यंदा त्या समितीचा विनीत नावाचा तरुण आला. कानात काहीतरी खोचलेलं, आणि बोलताना नजर नेहमी आपल्या खांद्यापलीकडच्या भिंतीवर.

“सर, यंदा नावं आधीच कोरायची.”

“आधी म्हणजे?”

“सोहळ्याच्या आधी. गेल्या वर्षी सगळ्यांना नुसतं ‘विजेता’ लिहिलेली ट्रॉफी दिली. एका हिरोइनने स्टेजवर उलटीसुलटी करून बघितली आणि माइकवर म्हणाली, ‘ही नक्की माझीच ना?’ ती क्लिप अजून फिरतेय. यंदा कॅमेरा जवळ गेला की नाव दिसलं पाहिजे. पण सर, हे एकदम कॉन्फिडेन्शियल. तुमच्याशिवाय कोणाला कळता कामा नये. बॉण्ड करावा लागेल.”

बॉण्ड इंग्रजीत होता. नोटरी भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर छत्रीखाली बसला होता. त्याने आठ पानं ओल्या बोटाने उलटली आणि विचारलं, “साक्षीदार कुठेत? दोन लागतात.”

एक साक्षीदार गंगाधरने बरोबर नेला होता. ऑस्वाल्ड मिरांडा. परळच्या वाडीत राहणारा, गोदीच्या ऑफिसातून निवृत्त झालेला जुना मित्र. घरी बायको विल्मा त्याला सकाळचा पेपर शांतपणे वाचू देत नाही, म्हणून तो रोज कारखान्याच्या स्टुलावर बसून वाचतो, तोही मोठ्याने. दुसऱ्या साक्षीदाराची तजवीज नव्हती. तेवढ्यात समोरून भाजीची पिशवी घेऊन सीमावहिनी आल्या. गंगाधरचा बालमित्र रघु घाडी, त्याची बायको, आणि नेरुरकरांच्या समोरचीच खोली.

“वहिनी, जरा सही करता?”

“कशावर भावजी?”

“ते मला सांगता येत नाही, यावरच.”

सीमावहिनींनी हसत सही केली. इंग्रजी पानावर लफ्फेदार मराठी सही. गोपनीयतेच्या करारात साक्षीदार घेणं म्हणजे चोराने चोरी करायला जाताना शेजाऱ्याला ‘घराकडे लक्ष ठेवा’ सांगण्यासारखं आहे, हे त्या क्षणी तिघांनाही सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या करसनदास चाळीला कळलं होतं की गंगाधरकडे एक गुपित येणार आहे. अजून आलं नव्हतं. येणार होतं, एवढंच.

आणि आठ दिवसांनी नामांकनं जाहीर झाली. मालिका विभाग, सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री. पाच नावं, आणि त्यात तिसरं नाव अनुजा घाडी. रघु आणि सीमावहिनींची एकुलती एक मुलगी.

अनुजाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ही मुलगी कारखान्याच्या पायरीवर वाढली. शाळेतून आली की तिथे बसून गंगाधरला त्या दिवशीच्या बाईंची नक्कल करून दाखवायची. आता साडेसातच्या मालिकेत ती कुजक्या नणंदेचं काम करायची, आणि इतकं मन लावून करायची की गंगाधरची बायको अंबिका सोमवार ते शनिवार तिला तळतळून शिव्या द्यायची आणि रविवारी बोलावून बांगड्याचं तिखलं वाढायची. “वहिनीच्या दुधात काय टाकलंस गं मेले?” असं तिने एकदा जेवताना विचारलंही होतं. अनुजा म्हणाली, “काकी, ते सोमवारी कळेल.” अंबिकाने सोमवारपर्यंत तिला मासे वाढले नाहीत.

नामांकन जाहीर झाल्याच्या चौथ्या दिवशी विनीतने सीलबंद पाकीट आणून दिलं. गंगाधरने शटर खाली ओढलं, पंखा बंद केला (का, ते त्याचं त्यालाही कळलं नाही), आणि पाकीट फोडलं. एकवीस नावं होती. त्याने बोट फिरवत सतरावं, सहायक अभिनेत्रीचं, गाठलं.

तिथे अनुजाचं नाव नव्हतं. तिथे Manva Kale होतं.

गंगाधर बराच वेळ घामात बसून राहिला. बाहेरून कोणीतरी शटरवर थाप मारून विचारलं, “गंगाधर, आलं का रे गुपित?”

---

पुढचे पंधरा दिवस कसे गेले ते त्याला विचारू नये.

पहिला हल्ला घरातून झाला. अंबिकाने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी अबोल्याचा उपयोग होत नाही असं बघून सुरमई आणली. चौथ्या दिवशी तिसऱ्यांचं सुकं केलं. जेवण होत आलं, आता फक्त सोलकढी उरली, अशा नाजूक वेळी ती हळूच म्हणाली, “बोलू नका. बॉण्ड आहे ना, बोलूच नका. नुसती मान हलवा. मान हलवायची नाही असं लिहिलंय का त्यात?”

लिहिलं असेल की नसेल, आठ पानं इंग्रजीत होती. गंगाधरने जोखीम नको म्हणून मान ताठ धरली. ती तशीच धरून तो हात धुवायला गेला, तशीच धरून कारखान्यात उतरला. दुपारपर्यंत चाळीत झालं की गंगाधरची मान धरलीये. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी नारायण तेल पाठवलं. ऑस्वाल्ड म्हणाला, “विल्माच्या भावाची अशीच धरली होती. पुढे सहा महिने तो फक्त डावीकडचा ट्रॅफिक बघायचा.”

दुसरा हल्ला सीमावहिनींनी केला, आणि तो कायदेशीर होता.

“भावजी, मी साक्षीदार आहे.”

“आहात ना.”

“मग साक्षीदाराला माहीत नको? उद्या कोर्टात विचारलं, तुम्ही कशाला साक्षी आहात, तर मी काय सांगू?”

या प्रश्नाचं उत्तर गंगाधरला आजही सापडलेलं नाही.

तिसरी भानगड मात्र समितीने केली. मराठी पुरस्कार, मराठी कलाकार, मराठीत नावं कोरायची, आणि यादी इंग्रजीत, जाहीर झालेली नामांकनंही इंग्रजीत. आता Kale म्हणजे काळे, काले की कळे? Manva म्हणजे मनवा की मानवा? कागदावर खोडता येतं. पितळेवर एकदा कोरणी टेकली की ती रेघ नातवंडांपर्यंत जाते. फोन करून विचारायचं, तर करसनदास चाळीत फोनवर बोलणं म्हणजे लाउडस्पीकरवर बोलणं. ‘काळे’ हा शब्द तोंडातून निघाला असता तर तो जिना चढायच्या आत वर पोचला असता.

म्हणून गंगाधरने टॅक्सी केली आणि थेट वरळी कोळीवाड्याच्या धक्क्यावर गेला. तिथे आपल्याला कोण ओळखतंय! होड्या लागल्या होत्या, बोंबील वाळत होते, आणि वारा असा की स्वतःचा आवाज स्वतःला येईना. त्याने फोन लावला.

“विनीत, ते सतरा नंबरचं... ळ की ल?”

“काय सर?”

“ळ! ळ! बाळातला ळ! बाळ, बाळ! बाळातला आहे का?”

“हो सर, बाळातला. आणि सर, पहिलं नाव मनवा. ओरडू नका सर, कॉन्फिडेन्शियल आहे.”

गंगाधर समाधानाने घरी परतला. धक्क्यावर टोपलीशी बसलेल्या एका कोळणीकडे त्याचं लक्ष गेलं नव्हतं. ती आठवड्यातून तीनदा लालबागच्या बाजारात मासे विकते, आणि अंबिकाला सुरमई तिनेच दिली होती. दुसऱ्या दिवशी तिने पापलेटाबरोबर बातमीही दिली, की तुझा नवरा समुद्राकाठी उभा राहून फोनवर ‘बाळ, बाळ’ ओरडत होता, आणि पलीकडून उत्तर आल्यावर त्याचं तोंड फुललं.

अंबिका रागावली की मालवणीत शिरते. त्या दिवशी ती दारातूनच मालवणीत आली.

“माका काय्येक सांगू नकात. ता बाळ कोणाचा ता आधी सांगा!”

“अगं, बाळ नाही. ळ होता.”

“ळ? कोण ळ?”

“ते मला सांगता येत नाही!”

बासष्ट वर्षांचा माणूस, दोन विवाहित मुलींचा बाप, एका अक्षरापायी बदनाम झाला. जिन्यात भेटणारी माणसं त्याच्याकडे नव्याने बघू लागली. काही पुरुषांच्या नजरेत तर चक्क आदर होता. त्याचं त्याला जास्तच वाईट वाटलं.

या सगळ्यात एका माणसाने त्याला एकदाही काही विचारलं नाही. रघुने. रघु रोज संध्याकाळी यायचा, पायरीवर बसायचा, विडी पेटवायचा आणि जुन्या गोष्टी काढायचा. रघुच्या वडिलांनी गिरणीच्या बोनसमधून चाळीतला पहिला टीव्ही आणला होता. रविवारचा सिनेमा बघायला खोलीत चाळीस माणसं, उरलेली खिडकीत, आणि अँटेना धरून गच्चीवर गंगाधर. सिनेमा त्याला कधी दिसला नाही, पण खालून ‘दिसतंय! हलू नको!’ ऐकू यायचं. पुढे कळत्या वयात रघु गिरणीत बदली कामगार म्हणून लागला आणि कामगारांच्या नाटकांत कामं करू लागला. राजा करायचा, पोलीस करायचा, एकदा बाई मिळाली नाही तेव्हा लुगडं नेसून आईसुद्धा केली. संप झाला, गिरणी गेली, नाटक गेलं. रघुने मग वॉचमनगिरी केली, मसाल्याची पाकिटं विकली, टॅक्सी चालवली. तोंडावर रंग पुन्हा लावला नाही.

एका संध्याकाळी विडी विझवत रघु म्हणाला, “गंग्या, तुझा लांब वायरचा बोर्ड दे. मांडवाला लागेल.”

“मांडव?”

“सोहळ्याच्या दिवशी. चौकात पडदा लावतोय. मोबाइलवर थेट दाखवणारेत ना, ते मोठ्यावर घेऊ. आणि बँजो पार्टी ठरवलीये.”

आता काहीतरी बोलणं भाग होतं. नाव न घेता, बॉण्ड न मोडता. तो घसा साफ करून म्हणाला, “रघु, साधेपणाने करू. नामांकन हाच मोठा सन्मान असतो.”

हे वाक्य स्टुलावरच्या ऑस्वाल्डने ऐकलं. तासाभरात त्याचा अर्थ लागला: जिंकलेल्या माणसाच्या घरचेच असं नम्रपणे बोलतात, म्हणजे अनुजा जिंकली! लाडूंची ऑर्डर दुप्पट झाली. गंगाधरने मग लोकांना कळावं म्हणून तोंड पाडून हिंडायला सुरुवात केली. चाळ म्हणाली, बिचाऱ्याला सोहळ्याचा पास मिळाला नाही, म्हणून खट्टू झालाय. तो हसला तर जिंकली, गप्प बसला तर जिंकली, चिडला तर नक्कीच जिंकली. खोटं न बोलता माणूस इतका खोटा ठरू शकतो हे त्याला बासष्टाव्या वर्षी समजलं.

सोहळ्याला दोन दिवस उरले तेव्हा त्याने ठरवलं की बॉण्ड गेला खड्ड्यात, सांगून टाकायचं. तो समोरच्या खोलीकडे गेला. दार लोटलेलं होतं. आत अनुजा लोखंडी कपाटाच्या आरशासमोर उभी होती. हातात पाण्याची बाटली, ट्रॉफी म्हणून.

“...आणि आमचे गंगाधरकाका,” ती आरशाला सांगत होती, “यांच्या कारखान्याच्या पायरीवर मी पहिल्यांदा लोकांना हसवलं. लोक म्हणजे एकटे काकाच. पण ते दर वेळी हातातलं काम ठेवून बघायचे.”

गंगाधर आल्या पावली परत फिरला. शटर खाली ओढून त्याने सतरा नंबरची ट्रॉफी पुढ्यात घेतली. नावाची पट्टी अजून कोरी होती. मनात आलं, की कोरणी आपल्या हातात आहे. ‘अनुजा घाडी’ कोरलं तर? स्टेजवर ट्रॉफी दिली जाईल, कॅमेरा जवळ जाईल, नाव दिसेल. एकदा दिसलं की कोण काय करणार? त्याने कोरणी उचललीसुद्धा. आणि कानाशी वडिलांचा आवाज आला. एकदा गिरणीचा कोणी साहेब आपल्या मेहुण्याचं नाव कपावर कोरून मागत होता, तेव्हा वडील त्याला म्हणाले होते, “साहेब, आम्ही नाव कोरतो. नाव देत नाही.”

गंगाधरने डोळे पुसले, चष्मा लावला, आणि मनवा काळे असं कोरलं. ळ फार सुंदर आला. इतका सुंदर ळ त्याने आयुष्यात काढला नव्हता, आणि इतक्या वाईट मनाने तर कोणतंच अक्षर काढलं नव्हतं.

---

रविवारी चार वाजता माटुंग्याच्या नाट्यगृहात सोहळा सुरू झाला. पास दोनच मिळाले होते, म्हणून अनुजाबरोबर सीमावहिनी गेल्या. रघु चाळीत थांबला. चौकात मांडव, पांढरा पडदा, खुर्च्या, लाडवांची परात, आणि कडेला बँजोवाले सज्ज. सगळी चाळ खाली उतरली होती. ऑस्वाल्ड विल्माला घेऊन आला होता आणि सूट घालून पहिल्या रांगेत बसला होता. फक्त गंगाधर शटर अर्धं ओढून कारखान्यात एकच कप पुन्हा पुन्हा घासत बसला होता.

पावणेसहाच्या सुमारास मालिका विभाग आला. शटरखालून त्याला पडद्याचा खालचा अर्धा भाग दिसत होता: निवेदिकेचा घागरा आणि कोणाचे तरी चकचकीत बूट.

“सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री,” बूट म्हणाले. “आणि हा पुरस्कार जातोय...”

इथे चित्र थांबलं. पडद्याच्या मधोमध गोल चक्र फिरू लागलं.

त्या चक्राला चौकातल्या लोकांनी पाच सेकंद दिले. मग कोणीतरी ओरडलं, “अरे, आपलीच तर आहे! वाजव रे!” आणि बँजो सुटला. लाडू उधळावेत तसे वाटले गेले. अंबिका, जिने या नणंदेला वर्षभर शिव्या घातल्या होत्या, ती रडत रडत प्रत्येकाच्या तोंडात लाडू कोंबत होती. ऑस्वाल्ड सुटाचा कोट डोक्यावर फिरवत होता. चार मिनिटं करसनदास चाळीने ते सुख भोगलं. गंगाधरने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. हातातल्या ब्रासोच्या फडक्यामुळे तोंड अर्धं काळं झालं, ते त्याला कळलं नाही.

मग चक्र थांबलं. चित्र पुन्हा चालू झालं. स्टेजवर एक उंच, सावळी मुलगी ट्रॉफी छातीशी धरून रडत होती. कॅमेरा जवळ गेला. पडदाभर पितळी पट्टी चमकली, आणि तिच्यावर नेरुरकरांच्या हातचं स्वच्छ, ठसठशीत अक्षर: मनवा काळे.

बँजो एकेका वाद्याने बंद पडला. शेवटी एकटा ताशेवाला उरला. त्याची पडद्याकडे पाठ होती. कोणीतरी त्याचा हात धरला.

मग सगळ्या माना हळूहळू शटरकडे वळल्या.

“म्हणजे याला माहीत होतं,” अंबिका म्हणाली. तिच्या हातात अर्धा लाडू होता. “पंधरा दिवस माझी सुरमई खाऊन बसला हा माणूस, आणि याला माहीत होतं!”

“काळे,” ऑस्वाल्ड सावकाश म्हणाला. “बाळातला ळ.”

तेवढं एक कोडं सुटलं. पण त्याचा आनंद घ्यायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

गंगाधरने शटर आतून पूर्ण ओढून घेतलं. बाहेर खुर्च्या सरकल्या, कुजबुज झाली, मग पावलं आली. त्याने पावलं ओळखली. शटर फूटभर वर गेलं, आणि रघु गुडघे धरत, कण्हत, खालून आत सरकला.

“गंग्या, उठ.”

“रघु, मला माफ कर. मी सांगायला आलो होतो. परवा. पण ती आरशासमोर...”

“मला माहीत होतं.”

“काय?”

“हरणार ते. ज्या दिवशी तुझं पाकीट आलं त्या संध्याकाळीच कळलं. तू माझ्याकडे बघेनास. पंधरा दिवस मी पायरीवर बसतोय आणि तू माझ्या गुडघ्यांशी बोलतोयस.”

“मग मांडव कशाला घातलास? बँजो? तुला माहीत होतं तर...”

रघु स्टुलावर बसला. खिशातून विडी काढली, पण पेटवली नाही.

“संपाच्या आदल्या वर्षी कामगार नाटकांची अंतिम फेरी होती. आठवतं? परळला. सगळे म्हणत होते, अभिनयाचं पहिलं रघुलाच. नाही मिळालं. हॉलमधून मी चालत आलो, तोंडावरचा रंग तसाच. वाटेत कोणी भेटलं नाही. चाळीत आलो तर सगळी दारं बंद. म्हणजे लोक होते आत, पण कोणाला काय बोलावं कळेना, म्हणून दारं लोटून घेतली. आईने वाढलं. मी जेवलो आणि झोपलो. सकाळी उठलो तेव्हा उशी लाल झाली होती. रंगाने.” त्याने विडी परत खिशात ठेवली. “मग पुढच्या वर्षी संप झाला, म्हणून नाटक सुटलं असं मी सगळ्यांना सांगतो. नाटक त्या रात्रीच सुटलं होतं.”

गंगाधर खाली बघत होता. त्या वर्षीचे कप याच खोलीत तयार झाले होते. अंतिम फेरीचं शेवटचं नाटक संपताच कोरायला आलेली यादी वडिलांनी वाचली होती, आणि एकोणीस वर्षांच्या गंगाधरने ती खांद्यावरून बघितली होती. त्या रात्री रघुची पावलं जिन्यात वाजली तेव्हा तो याच खोलीच्या तेव्हाच्या लाकडी दाराआड उभा होता, आतून कडी लावून.

“त्या वेळीपण मला माहीत होतं, रघु,” तो म्हणाला. हे त्याने चाळीसपेक्षा जास्त वर्षांत कोणालाच सांगितलं नव्हतं. “मी आत होतो. तुझी पावलं ऐकली.”

“ते मला माहीत आहे,” रघु म्हणाला. “दाराखाली उजेड होता.”

बाहेर कोणीतरी लहान मुलाला दटावत होतं.

“जी जिंकली तिला घरी न्यायला शंभर माणसं असतील,” रघु उठत म्हणाला. “माझी पोरगी आता येईल. सीमाचा फोन आला होता, निघाल्यात. तिला एकही दार लोटलेलं दिसता कामा नये. चल. आणि तोंड पूस आधी, तुझंच नाटक असल्यासारखं काळं झालंय.”

बाहेर आल्यावर गंगाधरने पहिल्यांदा मांडवावरचा फलक वाचला. मांडव घातल्यापासून त्याने तो बघायचा टाळला होता. त्यावर अभिनंदन नव्हतं, विजेती नव्हतं, पुरस्काराचं नावसुद्धा नव्हतं. अनुजाचा हसरा फोटो आणि खाली एवढंच: ‘आली आमची अनुजा’.

रघुने चौकाच्या मधोमध उभं राहून सगळ्यांकडे बघितलं. राजाचं काम करताना बघायचा तसं. “कोणी घरात जायचं नाही,” तो म्हणाला. “आणि लाडू संपवू नका, तिला ठेवा. बँजो! तुम्हाला काय फक्त जिंकलेल्यांचं वाजवता येतं?”

दिवेलागणीला टॅक्सी आली. सीमावहिनी आधी उतरल्या, डोळे सुजलेले. मग आतून भाड्याचा निळा झगा मुठीत धरून अनुजा उतरली. समोर रोषणाई, माणसं, पडदा, परात. तिचा चेहरा पडला. गंगाधरला वाटलं, आता ही रडणार.

“बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली, “यांना कोणी सांगितलं नाही का? मी नाही जिंकले.”

“सगळ्यांना माहितीये,” रघु म्हणाला. “ये.”

आणि बँजो सुरू झाला. आधी जरा बिचकत, मग रीतसर लालबागच्या इभ्रतीला शोभेल असा. अंबिका गर्दी सारून पुढे आली. तिने अनुजाची हनुवटी धरली आणि गहिवरून म्हणाली, “मेल्यांना डोळे नाहीत गो. एवढा छळ केलास त्या वहिनीचा, एवढी विषारी वागलीस, वर्षभर माझं रक्त आटवलंस, आणि बक्षीस दुसरीला?” अनुजाला हसू फुटलं, आणि हसताहसताच ती रडायला लागली. अंबिकाने तिच्या तोंडात लाडू कोंबला. रडताना लाडू खाता येत नाही, म्हणून तिला रडणं थांबवावं लागलं.

मग ती गंगाधरसमोर आली.

“काका, तुम्ही लिहिलेलं नाव बघितलं मी. जवळून. तिने मला दाखवलं.” तिने नाक पुसलं. “ळ कसला भारी काढलाय.”

गंगाधरने मान हलवली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच.

ऑस्वाल्ड आधीच नाचत होता. विल्मा त्याला आवरता आवरता स्वतःच नाचू लागली होती. अनुजाने झगा वर खोचला, उंच टाचांच्या सँडल काढल्या, ‘धरा जरा’ म्हणून गंगाधरच्या हातात दिल्या आणि अनवाणी गर्दीत घुसली. रघु तिच्यापाठोपाठ गेला. मग रघुने मागे वळून बघितलं आणि हात पुढे केला. गंगाधर नेरुरकरला नाचता येत नाही, स्वतःच्या लग्नातही तो नाचला नव्हता. पण तो गेला, आणि नाचला, दोन्ही हातांत एकेक सँडल धरून.